टेकडीवर रोप लावण्याआधी

प्रश्न, थोडक्यात: आम्ही पुण्यातल्या बावधनच्या एका सोसायटीतले पंधरा-वीस जण. घरामागच्या टेकडीवर दर जुलैत झाडं लावतो. मार्च येईपर्यंत निम्मी वणव्यात जातात, उरलेली वाळतात. टेकडीवर गिरिपुष्प हे बाहेरून आणलेलं झाड माजलंय, ते काढून टाकावं का? एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, पैसे द्यायला तयार आहे. शिवाय आमच्यातल्या काहींची मुळशीत उतारावर मिळून अकरा एकर जमीन आहे, तिथे घनदाट जंगल करायचंय. हवामान बदलतंय, तर आता झाडंच वेगळी निवडावीत का?

उत्तर:

आधी सरळ सांगतो. पुढची दोन वर्षं टेकडीवर एकही रोप लावू नका. कंपनीचे पैसे जरूर घ्या, पण ते रोपांवर घालू नका. जाळरेषांवर (आग अडवायला गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवर) आणि राखणीच्या माणसांवर घाला. मुळशीच्या जमिनीत तर लावण्यासारखं फार काही नसणार, कारण तिथे जंगल बहुधा आहेच, फक्त जमिनीलगत दबून आहे. तुमची माणसं आषाढात टेकडीवर जातात. जंगल टिकतं की जातं हे ठरतं मार्गशीर्ष ते वैशाख या कोरड्या महिन्यांत, आणि तेव्हा टेकडीवर कुणी नसतं. मी पुणे जिल्ह्यात जमीनमालक, ग्रामसभा आणि वनविभाग अशा तिघांबरोबर हीच कामं करतो. लागवड फसण्याची कारणं पुन्हा पुन्हा तीच निघतात, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या प्रश्नात टेकडी आणि मुळशी दोन्हींना ‘जंगल’ हा एकच शब्द आलाय, तिथून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत्या भाजणीत पडतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटरच्या पुढे, पुणे शहरात सव्वासातशेच्या आसपास, इंदापूरकडे पाचशेच्या घरात. त्यामुळे ताम्हिणीत अंजनी-जांभूळ-पिसा असं निमसदाहरित रान, मुळशी-वेल्ह्याच्या उतारांवर ऐन-किंजळ-हिरडा-बेहड्याचं पानझडी, शहराच्या टेकड्यांवर सालई, मोई, धावडा, पळस, मेढशिंगी, गणेर अशी विरळ उभी झाडं आणि मधे गवत. बारामती-इंदापूरकडे तर माळच. तो माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. चिंकारा, लांडगा, माळावरचे पक्षी यांचं ते घर आहे, आणि सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य अशाच रानात आहे. कागदोपत्री मात्र त्याला ‘पडीक’ म्हणतात आणि त्यात खड्डे घेतात.

बावधनची टेकडी या भाजणीत शहराच्या पायरीवर बसते. तिच्यावर घनदाट जंगल कधी नव्हतं आणि आता होणारही नाही. कातळावर वीतभर मुरूम, त्यात विरळ झाडं आणि कमरेएवढं गवत, हेच तिचं निरोगी रूप. हे मनाला पटवून घ्या, कारण निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. वड, पिंपळ, कडुनिंब, बहावा, कदंब असं मिश्रण घेऊन मंडळी टेकडीवर चढतात. कदंबाला पाणथळ माती लागते. तो टेकडीवर दोन उन्हाळे बाटलीतल्या पाण्यावर काढतो आणि तिसऱ्याला जातो. पहाटे पाच-पाच लिटरचे कॅन वर वाहून नेणाऱ्या आजोबांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना रोप कुठलं द्यायचं हे ठरवणाऱ्याबद्दल तेवढा नाही.

याला सरकारी आकडेवारीचीही फूस आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली हवी असं उद्दिष्ट ठेवलं. महाराष्ट्रात भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. दरी मोठी दिसते, म्हणून लागवडीचे विक्रम होतात: २०१६ मध्ये दोन कोटी, पुढे चार, तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांची मोहीम. पण त्या ‘वनाच्छादना’ची व्याख्या पाहा. एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्र आणि त्यातल्या किमान दहा टक्के जागेवर झाडांचं छत्र. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे विचारलं जात नाही. आंब्याची बाग त्यात बसते, गिरिपुष्पाचं रान बसतं. उत्तम गवताळ माळ बसत नाही. उपग्रहावरून हिरवं दिसणं आणि जंगल सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कंपनीच्या माणसाला पहिल्याच बैठकीत समजावून सांगा. त्यांना वार्षिक अहवालात छापायला आकडा लागतो. तो रोपांचा न देता, वणवा न लागलेल्या हेक्टरांचा द्या.

आता वणवा. यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या टेकडीचा खरा प्रश्न तोच आहे.

आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाशात वीज सहसा नसते आणि फांद्या घासून आग लागण्याच्या गोष्टी सह्याद्रीत ऐकायलाच बऱ्या. आग माणूस लावतो: कधी नवं गवत जोमाने यावं म्हणून, कधी बांध पेटवताना हातातून सुटून, कधी कचरा जाळताना, कधी विडीच्या थोटकामुळे, कधी टेकडीवरच्या पार्टीनंतर, आणि कधी निव्वळ गंमत म्हणून. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पण आग लावणारा सापडतो क्वचित, सिद्ध होतो त्याहून क्वचित. कायद्याच्या भरवशावर राहू नका.

दरवर्षीच्या आगीने काय होतं ते एकदा बसून पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबरात कुसळी गवताचा एक तुरा तोडा. बी टोकदार, मागे काळपट लांब शेपूट, आणि ती पिळलेली. तळहातावर ठेवून त्यावर थेंबभर पाणी टाका. शेपूट हळूहळू फिरायला लागते. रात्रीच्या दवाने ओली, दिवसा कोरडी, असं फिरत फिरत हे बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. वणवा वरून निघून जातो, बी खाली सुरक्षित राहतं. शेडा, मारवेल यांसारख्या चांगल्या चाऱ्याच्या गवतांना ही युक्ती इतकी साधत नाही. त्यामुळे जी टेकडी दरवर्षी जळते ती हळूहळू नुसत्या कुसळीची होत जाते. कुसळी वाळली की गुरं तिला तोंड लावत नाहीत, ते न खाल्लेलं गवत पुढच्या मार्चला पेटतं, आणि चक्र चालू राहतं. झाडांचं म्हणाल तर धावडा, सालई यांची रोपं तीन-चार वर्षांत आगीच्या झळीपेक्षा उंच होतात आणि साल जाड करतात. मग साधी गवताची आग त्यांना सहसा मारत नाही. सलग तीन-चार वर्षं आग चुकवली, तर एकही रोप न लावता टेकडीवर तरुण झाडं दिसू लागतात. याउलट दरवर्षी आग लागली, तर तुम्ही लावलेलं प्रत्येक रोप दरवर्षी बुंध्यापासून पुन्हा सुरुवात करतं आणि शेवटी दमतं.

म्हणून पहिलं काम गवताचं. ऑक्टोबरअखेर बहुतेक गवतांचं बी गळून जातं. त्यानंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, वनविभागाच्या परवानगीने गवत कापून बाहेर काढायचं. मजूर लावून कापाल तर पैसे जातील आणि गवत तिथेच पडून राहील. बावधन, सूस, पाषाणच्या जुन्या गावठाणांत अजून गोठे आहेत. त्यांच्याकडे जा आणि सांगा: गवत फुकट न्या, विळा तुमचा; आम्ही दाखवू त्या पट्ट्यात आधी कापा, आणि डिसेंबर संपायच्या आत न्या. ज्याच्या म्हशींचा महिन्याभराचा चारा त्या टेकडीवरून येतो, त्याच्या घरातलं पोर तिथे काडी टाकणार नाही. उलट धूर दिसला तर पहिला फोन त्याच्याच घरातून येईल.

दुसरं काम जाळरेषांचं. जाळरेषा म्हणजे गवत पूर्ण काढून मोकळा केलेला पट्टा. टेकडीवर पाच-सहा मीटर रुंद पुरतो. डिसेंबर-जानेवारीत विळा-फावड्याने काढायचा. जेसीबी नको. एकदा यंत्राने कातळ उघडा पाडला की पहिल्याच पावसात तिथे ओघळ पडतो आणि पुढच्या वर्षी ती घळ होते. पट्टे कुठे? आग जिथून सुरू होते तिथे: पायथ्याच्या रस्त्याकडेने, मंदिराच्या वाटेला, पार्टीवाल्यांच्या कट्ट्याभोवती. आग दिवसा चढावर झपाट्याने पळते, म्हणून माथ्यावर सुबक रेषा काढून उपयोग नाही. तोवर सगळा उतार गेलेला असतो. आहेत त्याच पायवाटा दोन्ही बाजूंनी रुंद केल्या तर निम्मं काम होतं. पट्ट्यातलं गवत जाळून साफ करायचं असेल तर ते वनविभागाच्या माणसांनीच, वारा पडलेला असताना करावं. तुम्ही हात घालू नका.

तिसरं म्हणजे डोळे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून टिपलेल्या आगींचे संदेश पाठवतं आणि नागरिकांनाही त्यासाठी नोंदणी करता येते. नोंदणी करा, पण त्यावर विसंबू नका. तो उपग्रह जमिनीचा पावणेचारशे मीटरचा तुकडा एक ठिपका म्हणून पाहतो आणि ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. संध्याकाळी सात वाजता लागून नऊला विझलेली गवताची आग त्याला दिसतही नाही, आणि शहराच्या टेकड्यांवर बहुतेक आगी अशाच असतात. त्याऐवजी फेब्रुवारी ते मे दोन माणसं पगारी ठेवा, शक्यतो पायथ्याच्या वस्तीतली. दुपारी तीन ते रात्री दहा. त्यांच्याकडे एक ब्लोअर, जाड बूट, पाणी, आणि बीटच्या वनरक्षकाचा व वनपालांचा नंबर. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन सगळ्यांच्या फोनमध्ये हवी. सोसायटीच्या उत्साही मंडळींना एकच नियम: आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही.

गिरिपुष्पाबद्दल. हे मध्य अमेरिकेतलं झाड, उंदीरमार म्हणूनही ओळखलं जातं. वनविभागाने ते पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणात लावलं, आणि त्या काळाच्या हिशेबाने कारणंही ठीक होती: गुरं फारसं खात नाहीत, मुरमात तगतं, नत्र स्थिर करतं, फांदी खोचली तरी फुटतं. आज त्याच्यावर सगळं खापर फोडलं जातं. मला ते अर्धंच मान्य आहे. फेब्रुवारीत एखाद्या दाट पट्ट्यात जाऊन उभे राहा. गुलाबी फुलं सुंदर दिसतात, पण डोक्यावर पान नाही; कडक उन्हात सावली हवी तेव्हा हे झाड उघडं. जुलै-ऑगस्टमध्ये, गवताला आणि कोवळ्या रोपांना ऊन हवं असतं तेव्हा, याचं छत्र गच्च. त्याच्याखाली काही वाढत नाही याचं मोठं कारण हे वेळापत्रक आहे. पण तिथली माती उकरून पाहा. शेजारच्या उघड्या मुरमापेक्षा ती काळी आणि भुसभुशीत असते, कारण चाळीसेक वर्षांचा पाला तिच्यात मुरलाय.

म्हणून सरसकट तोड नको. एकतर खोडापासून ते दुप्पट फुटेल, दुसरं म्हणजे उघड्या मातीवर घाणेरी आणि रानमोडी ही परकी, माजणारी झुडपं चढतील. दाट पट्ट्यात दहा-पंधरा मीटर व्यासाच्या खिडक्या पाडायच्या, कापलेल्या फांद्या तिथेच आडव्या पसरून माती झाकायची, आणि फुटवे वर्षातून दोनदा, तीन वर्षं तरी, मोडत राहायचं. शेंगा तडकून बी दूर उडतं, म्हणून खिडकीच्या कडेच्या झाडांच्या शेंगा पिकण्याआधी काढाव्यात. या खिडक्यांत मात्र लागवड करायला माझी हरकत नाही. इथे गवत कमी, म्हणजे आग कमी, आणि माती तयार. तिसऱ्या वर्षापासून इथे मेढशिंगी, वारस, धावडा, काटेसावर लावा, पळसाचं बी थेट टोबा. पळसाचं मूळ पहिल्याच वर्षी गाजरासारखं जाड आणि खोल जातं. पिशवीत वाढवलेला पळस जन्मभर लंगडतो. ही सगळी कामं वनजमिनीवर असतील तर वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे त्या वनाच्या कामांच्या मंजूर आराखड्यात, बसवूनच करायची. परस्पर कुऱ्हाड चालवाल तर चांगल्या हेतूनेही गुन्हाच होतो.

मुळशीकडे वळू. तिथल्या डोंगरांनी पुण्याची चूल कित्येक वर्षं पेटती ठेवली. घरोघरी गॅस येण्याआधी शहराला कोळसा लागायचा, आणि धरणांच्या निमित्ताने रस्ते झाले तसे कोळसेवाले मुळशी-वेल्ह्याच्या आत आत गेले. मालकी रानं ठेक्याने दिली जायची, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तुटायची. आजही ती प्रथा पूर्ण संपलेली नाही. तुमच्या अकरा एकरांत झुडपं दिसतात, ती बहुधा झुडपं नाहीतच.

एखाद्या ‘झुडपा’जवळ बसून तळाचा पाला बाजूला करा. खाली ताटाएवढा जुना खुंट सापडेल, कडा काळवंडलेल्या, आणि त्याच्या भोवतीने निघालेले आठ-दहा धुमारे. हा ऐन असेल किंवा किंजळ, हिरडा, जांभूळ. वर पाच-सात फुटांचं झुडूप दिसतं. मुळं मात्र पन्नास-साठ वर्षांची असू शकतात. रोपवाटिकेतून आणलेलं कुठलंही रोप या मुळांशी स्पर्धा करू शकत नाही. हिवाळ्यात यातले दोन-तीन सरळ, जमिनीलगतून निघालेले, एकमेकांपासून लांबचे धुमारे ठेवा. बाकीचे धारदार कोयत्याने तिरपे कापा, म्हणजे कापावर पाणी साचून कुजणार नाही. एकदम सगळे नको, दोन हिवाळ्यांत विभागून. दोन-तीन पावसाळ्यांनंतर राखलेले धुमारे डोक्यावर गेलेले दिसतील. याचा खर्च लागवडीच्या पासंगालाही पुरत नाही. फक्त ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत येतात, म्हणून जमीन मालकीची असली तरी आधी वनपालांना दाखवून लेखी परवानगी घ्या.

एवढं करूनही मोकळ्या राहिलेल्या जागेत लागवड करायचीच, तर बी जवळच्या देवराईच्या परिसरातलं घ्या. पुणे जिल्ह्यातल्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात केला, तेव्हापासून हे माहीत आहे की भोवतालचा डोंगर उघडा झाला तरी जुन्या रानाचे नमुने या तुकड्यांत टिकून आहेत. मात्र देवराईतलं काहीही गावाला विचारल्याशिवाय उचलायचं नाही, अगदी पडलेलं फळही. जांभळाचं बी पंधरा दिवसांत मरतं, म्हणून जूनमध्ये गोळा करून लगेच पेरा; हिरडा उगवायला आळशी, त्याला धीर लागतो; बेहडा सहज येतो. जाता जाता एक: देवरायांना आज कुऱ्हाडीपेक्षा जास्त भीती जीर्णोद्धाराची आहे. मुंबई-पुण्यात स्थिरावलेली गावची मंडळी देणगी पाठवतात, देवळाला स्लॅब येतो, गाडी देवापर्यंत जावी म्हणून रस्ता येतो, आणि चारशे वर्षांचं झाड ‘आड येतं’.

जमिनीला तारेचं कुंपण घालू नका. ताम्हिणी अभयारण्याच्या बाजूने भेकर, सांबर, गवे ये-जा करतात, आणि एकेका प्लॉटच्या जाळीने ही वाट तुकड्यातुकड्यांनी बंद होते. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या वस्तीत गवा शिरला होता. पाठलागाने आणि गर्दीने घाबरून त्याचा शेवट झाला, तो सगळ्या पुण्याने पाहिला. गुरं थोपवायची तर सागरगोटा, चिलार, करवंद यांची जिवंत वई करा. दोन-तीन वर्षं लागतात, पण नंतर खर्च नाही.

आणि शेजारच्या भातशेतकऱ्यांशी बोला. तिथे राब भाजतात: तरव्याच्या (भाताची रोपं करायच्या) जागेवर टहाळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून एप्रिल-मेमध्ये जाळायचं, म्हणजे तण मरतं आणि रोपाला जोर येतो. टहाळ तुमच्या ऐनाचाच येतो आणि ठिणगीही तिथूनच. त्यांना ‘जंगल तोडू नका’ असं सांगून काही होणार नाही. त्यांची शेती राबावर उभी आहे. गादीवाफ्यावर रोपं करता येतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिका आणि लावणी दोन्ही लागत नाहीत, म्हणजे राबाचा प्रश्नच मिटतो. एखाद्या शेतकऱ्याने चार गुंठ्यांवर करून पाहावं आणि पहिल्या वर्षीची तूट तुम्ही भरून द्यावी. जंगलावर केलेला तो सर्वात चांगला खर्च ठरेल, आणि तो जंगलात होणारही नाही.

हवामानाचं. झाडांच्या जाती बदलाव्यात का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘अजून नाही’ असं आहे. इथली पानझडी झाडं आठ महिने कोरडे काढायला घडलेली आहेत. परक्या ‘दुष्काळसहिष्णू’ जातींची त्यांना शिकवणी नको. बदलायची आहे ती कामाची पद्धत. पाऊस आता थोडक्या दिवसांत बदाबदा ओततो. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला, म्हणजे पुणे शहराच्या वर्षभराच्या पावसाचा तीन चतुर्थांश. अशा पावसात तीव्र उतारावर खोदलेले सलग समतल चर पाणी जिरवण्याऐवजी उतार भिजवून जड करू शकतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होतं, पण उतारावरच्या सपाटीकरणाबद्दलही तेव्हा खूप बोललं गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने शहरातच अनेक बळी घेतले, तो ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. मुळशीच्या जमिनीत चर, तळी, आतला रस्ता, ‘व्ह्यू पॉइंट’साठी सपाटी, यातलं काहीही करू नका. कारवी आणि गवत यांनी धरलेली माती आहे तशी राहू द्या. कारवी उपटून ‘साफसफाई’ करणारे ठेकेदार पहिल्याच दिवशी परत पाठवा.

दुसरा बदल असा की सगळी भिस्त एका जातीवर नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची झाडं मोठ्या प्रमाणात पडली. बाळहिरडा हे तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न. ते एका दिवसात गेलं आणि भरपाईसाठी आंदोलनं करावी लागली. मात्र याच पट्ट्यात हेही दिसतं की हिरड्याला कुऱ्हाड लागत नाही, कारण तो दरवर्षी पैसे देतो. पुण्यातल्या एईआरएफ या संस्थेने हिरडा-बेहड्याची फळं फेअरवाइल्ड या, रानातला माल झाडाला धक्का न लावता गोळा करण्याच्या मानकाखाली गोळा करून चांगल्या भावाने विकण्याची घडी बसवली, त्यामागचं तर्कशास्त्र हेच. तुमच्या अकरा एकरांत उद्या हिरडा-बेहडा धरला तर फळं गोळा करायचा हक्क शेजारच्या पाड्याला लेखी द्या. राखण आपोआप होते. वनहक्क कायदा २००६ ने वनजमिनीवर ग्रामसभांना जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने तो २००९ मध्ये मिळवून चालवून दाखवला. आपल्या जिल्ह्यात ही वाट अजून फार कमी गावांनी धरली आहे.

राहिले पैसे. वनजमिनीवर काम करायचं तर वनविभाग, संयुक्त वनव्यवस्थापन समिती किंवा स्थानिक संस्था, आणि पैसे देणारी कंपनी असा त्रिपक्षीय करार होऊ शकतो; त्यासाठी उपवनसंरक्षक कार्यालयात जा आणि आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना टेकडीवर बरोबर घेऊन फिरा. करार किमान पाच वर्षांचा मागा. कंपन्या एक वर्षाचा देतात, कारण त्यांचं अंदाजपत्रक तसं असतं. एक वर्षाच्या पैशात फक्त रोपं आणि फ्लेक्स येतात. पाच वर्षांत वर्षाला दोन राखणदारांचे चार महिन्यांचे पगार, जाळरेषा, गिरिपुष्पाच्या खिडक्या आणि एक मोजणी एवढं बसवा. मोजणी अवघड नाही: टेकडीवर आठ-दहा ठिकाणी दगडाला रंग लावून दहा बाय दहा मीटरचे चौकोन ठरवा, दर मेअखेरीस त्यांत कमरेच्या वर गेलेली झाडाची पोरं मोजा, आणि त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेला फोटो काढा. पहिल्या दोन वर्षांत आकडा हलणार नाही, हे कंपनीला करारातच लिहून द्या.

मुळशीत अलीकडे कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे मिळवून देतो म्हणणारे, दलाल फिरतात, तुमच्याकडेही येतील. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: करार किती वर्षं जमिनीला बांधून ठेवतो, मधेच वणवा लागला तर नुकसान कुणाचं, आणि ते कुठलं झाड किती अंतरावर लावायला सांगणार आहेत. तिसऱ्याचं उत्तर ‘दोन बाय दोन मीटरवर एकच जात’ असं आलं, तर चहा पाजून वाटेला लावा. आणि या डिसेंबरात पहिला जाळरेषेचा पट्टा काढाल तेव्हा मंदिराच्या वाटेपासून सुरुवात करा. तुमची टेकडी मी पाहिलेली नाही, पण बहुतेक टेकड्यांवर आग तिथूनच चढते.